सहा ग्रॅम

हा तराजू सोनाराचा.
जगन्नाथ पेडणेकरांनी वेंगुर्ल्याच्या बाजारातलं दुकान आवरलं
तेव्हा दिला, काचेच्या पेटीसकट.
गुंजा गेल्या, वाल गेले,
आता त्यात मी सोडियम बेंझोएट तोलते.
दहा लिटर कोकम सरबताला सहा ग्रॅम.
पंखा बंद करून. श्वास जरा आवरून.

पहिल्या वर्षी घातलं नव्हतं.
‘निव्वळ घरगुती’ असं हाताने लिहून
एकशेचाळीस बाटल्या मांडल्या पडवीत.
मे संपता संपता, एका रात्री
पहिलं बूच उडालं.
मग दुसरं. मग मोजणं सोडलं.
शेजारचे इनास दांतस टॉर्च घेऊन धावत आले,
त्यांना वाटलं, कुणाची वरात आली.
सकाळी भिंतीवर लालजांभळे ओघळ,
मुंग्यांच्या रांगा, आणि माडीसारखा वास.
सासरे म्हणाले, ‘बरां झालां, आता ह्यांच ईक.’

दुसऱ्या वर्षी मी मालवणात स्टॉलवर,
घरी संपदाने मदत म्हणून
मूठभर घातलं. कढीत मीठ घालतात तसं.
घोट घेतला तर घशात चिकटून बसलेली कडवट जळजळ.
ऐंशी लिटर.
माडाच्या आळ्यातही ओतवेना,
मागे खड्डा खणला.
संपदा रडत होती.
तिच्यावर ओरडले नाही, कारण
किती घालायचं हे मीच तिला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून तराजू.

कुडाळच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या,
ही पावडर बुरशीशी भांडत नाही,
तिला फक्त वाढू देत नाही.
आणि तेही आंबटात.
पेजेत टाकलीत तर नुसती उभी राहील,
चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखी.
कोकमाचा आंबटपणाच तिला कामाला लावतो.
काजूच्या बोंडांच्या सरबताला दुसरी, गंधकाच्या वासाची.
ती कोकमात घातली की रंगच उडतो.
आणि इनासच्या धाकट्याला, लॉरेन्सला,
तिने धाप लागते.
म्हणून त्या बाटलीवर मी ठळक छापून घेते.
छापखानेवाला दरवर्षी म्हणतो,
‘ताई, जरा बारीक करूया. गिऱ्हाईक बिचकतं.’

बिचकतंच.
कोल्हापूरची गाडी थांबली होती परवा,
चष्मा कपाळावर चढवून एकजण लेबल वाचत राहिला.
‘दोनशे अकरा म्हणजे केमिकल ना?’
हो म्हटलं.
किती घालते ते सांगितलं, का घालते ते सांगितलं,
बुचांची गोष्टही सांगितली.
बाटली जागेवर गेली.
‘काही न घातलेलं नाही का?’
आगळ काढून दिलं. नुसतं कोकम आणि मीठ.
‘मीठ?’ तो म्हणाला. ‘मला बीपी आहे हो.’

त्या आगळाचं मीठ शिरोड्याहून येतं,
आवडूआक्का आणते.
मिठागरात पन्नास वर्षं उभी राहिलेली,
टाचांच्या भेगांत अजून पांढरं.
आज गोणी उतरवून ती तराजूपाशी बसली,
मी नको नको म्हणेपर्यंत बोट बुडवून चाटलं.
‘गोडसर लागतां. मगे कडू.
ह्यां कसलां गो मीठ?’
मी हसले. सांगायला लागले, आंबट, बुरशी, मॅडम.
ती ऐकत होती की नाही कोण जाणे.
पदराला बोट पुसत म्हणाली,
‘आमचां मीठ चुकलां तर जिभेक कळतां.
तुझां थोडक्यान चुकलां, तर कोणाक कळतला?’

बाहेर संपदा बाटल्या उकळत होती,
काचेवर काच आपटल्याचा आवाज.
पारड्यातलं सगळं मी परत डब्यात ओतलं,
पहिल्यापासून तोलायला घेतलं.
काटा हलायचा थांबेपर्यंत
आम्ही दोघीही बोललो नाही.